अमळनेरचे घर आवरताना मिळालेला ‘श्यामची आई’

आमचे अमळनेरचे घर १७ मे २०२४ रोजी दुसऱ्याच्या नावावर झाले. आई गेल्यापासून त्या दिवसापर्यंत आठ महिने लागले आणि त्या काळात कागदपत्रे पूर्ण करणे, घर रिकामे करणे व घरात सापडलेली एक जुनी व्हिडिओ कॅसेट वाचवणे ही तीन कामे एकमेकांत गुंतत गेली. ज्यांना आपले घर असे बंद करावे लागणार आहे, त्यांना काही अडचणी आधीच ठाऊक असाव्यात, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहीत आहे.

आई ११ सप्टेंबर २०२३ रोजी गेली. वडील, म्हणजे आमचे नाना, त्याआधी नऊ वर्षांपूर्वी गेले होते. दादा सुरतेला असतो, मी नाशिकला. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर विलंब शुल्क लागत नाही, हे शेजाऱ्यांनी सांगितले, म्हणून दशक्रियेनंतर लगेच ते काम केले आणि दाखल्याच्या आठ प्रती एकदमच मागून घेतल्या. पुढे त्यांपैकी सहा लागल्या. बँक, गॅस, वीजजोडणी, घरपट्टी अशा प्रत्येक ठिकाणी एक प्रत ठेवून घेतात. दाखला हातात आल्यावर त्यावरचे नाव घराच्या कागदावरील नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायला हवे होते. आम्ही ते केले नाही. आईच्या नावापुढे दाखल्यावर ‘बाई’ होते, मिळकत पत्रिकेवर नव्हते. या दोन अक्षरांनी पुढे आमचे सात आठवडे घेतले.

दिवाळीत दादा आणि मी घराचा विचार केला. घर धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे होते. दर पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकून ती धुम्मस करून, म्हणजे चोपून बसवावी लागते आणि हे काम करणारी माणसे आता गावात शोधावी लागतात. दोघांपैकी कोणी परत येऊन राहणार नव्हते. शेजारच्या कुटुंबाला वाढत्या घरासाठी जागा हवी होती, त्यांनी विचारले आणि आम्ही होकार दिला. विक्रीआधी मिळकत पत्रिकेवर वारसांची नावे लागणे आवश्यक होते. ९ जानेवारी २०२४ रोजी आम्ही अर्ज दिला. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र, दोघांची आधार कार्डे आणि घरपट्टीची ताजी पावती जोडली. दोन आठवड्यांनी नावातील तफावतीमुळे अर्ज परत आला. ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे दुसरे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रावरील मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात माफ आहे, तरीही बाहेर बसलेले काही जण मुद्रांक घ्यायला लावतात. मी पहिल्या वेळी पैसे दिले, दुसऱ्या वेळी विचारून पाहिले आणि साध्या कागदावर काम झाले.

फेब्रुवारीत एक खेप वाया गेली. २ ते ४ फेब्रुवारीला अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होते आणि मी नेमकी त्याच आठवड्यात कागद घेऊन पोहोचले. गाव पाहुण्यांनी भरले होते. मी एक दुपार मंडपात जाऊन बसले. १९५२ साली अमळनेरला संमेलन झाले, तेव्हा आई आठ वर्षांची होती आणि आजोबांनी तिला खांद्यावर घेऊन गर्दीतून नेल्याचे ती सांगत असे. बहात्तर वर्षांनी गावात पुन्हा संमेलन भरले आणि ती पाच महिन्यांपूर्वी गेली, याचे त्या दुपारी फार वाईट वाटले. पुढे हरकतींसाठीची पंधरा दिवसांची मुदत पार पडली आणि १२ मार्चला नोंद मंजूर झाली.

घर आवरायला आम्ही २१ मार्चला सुरुवात केली. दादाने आठ दिवसांची रजा काढली होती. आम्हाला वाटले होते की तीन खोल्या आणि एक माळा, चार दिवसांत होईल. पहिल्या दिवशी आम्ही फक्त स्वयंपाकघराची एक भिंत रिकामी करू शकलो. पुरणाचे मांडे भाजायचे मातीचे खापर कोणाला द्यायचे, यावरच एक तास गेला. शेवटी ते मावशीने नेले. पितळी घागरी आणि तांब्याचा बंब मोडीत देण्याआधी दोन दुकानांत भाव विचारला, तेव्हा किलोमागे चाळीस रुपयांचा फरक निघाला. जाते कोणीच घेईना, ते अजून शेजाऱ्यांच्या अंगणात आहे. नानांची पुस्तके वाचनालयाने घेतली, मात्र वाळवी लागलेली प्रत एकही नको म्हणाले आणि ते योग्यच होते, म्हणून प्रत्येक पुस्तक उघडून, झटकून, निवडून द्यावे लागले. अशा कामाला लागणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे : भंगारवाल्याला पहिल्या दिवशी बोलावू नका. दारात हातगाडी उभी असली की हाताला येईल ते टाकले जाते.

आमच्याकडे तसेच झाले. नानांनी १९८९ साली व्हीसीआर घेतला होता. दूरदर्शनवर लागणारे चित्रपट, लग्ने, शाळेची संमेलने अशा अकरा कॅसेटी दिवाणखान्याच्या कपाटात होत्या. व्हीसीआर केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे दादाने चांगल्या मनाने त्या पोत्यात भरून ठेवल्या. भंगारवाल्याने एक कॅसेट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली, ‘हाई काय शे?’ म्हणून विचारले आणि याचे काही येत नाही म्हणून पोते ओट्यावरच सोडून दिले. त्याने ते नेले असते तर आम्हाला कळलेही नसते.

२४ मार्चला होळी होती. संध्याकाळी गल्लीत होळी पेटायच्या आधी मी गोधड्यांची पेटी उघडली. वरच्या तीन गोधड्यांखाली आईच्या एका विटलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली बारावी कॅसेट होती. तिच्या पाठीवर आईच्या अक्षरात ‘श्यामची आई’ असे लिहिलेले होते आणि आतील कार्डावर नानांच्या बारीक अक्षरात : ‘सुरुवात नाही. लाईट गेली होती. १९९२.’ ते अक्षर पाहताच तो दिवस मला आठवला. चित्रपट सुरू व्हायला आला तशी वीज गेली, नाना घड्याळाकडे पाहत उभे राहिले आणि वीज येताच त्यांनी धावत जाऊन रेकॉर्डिंगची दोन बटणे एकत्र दाबली होती.

हा चित्रपट आमच्या घरात इतका जपला जाण्यामागे कारण होते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळत होते. आईचे वडील पारोळा तालुक्यातील खेड्यातून शिकायला आलेले, शेवटची दोन वर्षे ते त्या छात्रालयात होते. गुरुजी मुलांचे कंदील पुसून ठेवत आणि आजारी मुलाच्या उशाशी बसत, असे आजोबा आईला सांगत आणि आई आम्हाला. पुढे गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले आणि आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेला चित्रपट १९५३ मध्ये आला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. वनमालाबाईंनी आईची भूमिका केली, माधव वझे श्याम झाले आणि वसंत देसाईंचे संगीत होते, हे आम्हाला शाळेतील पाढ्यांसारखे पाठ होते, कारण आई सांगायची. तिने तो नऊ वर्षांची असताना आजोबांबरोबर तंबूत पाहिला होता.

कॅसेट आल्यावर तो आमच्याकडे वर्षातून तीन-चार वेळा तरी लागायचा. छडीचे गाणे लागले की दादा ओट्यावरून धावत आत यायचा. पण आमच्याकडे तो कधी पूर्ण पाहिला गेला नाही. श्यामची आई अंथरुणाला खिळते, त्याच्या थोडे पुढे आमची आई उठायची, बटण दाबायची आणि ‘दिवाबत्तीची वेळ झाली’ म्हणायची. दुपारी तीन वाजता लावला असला तरी ती हेच म्हणायची. मी पुस्तक वाचेपर्यंत चित्रपट तिथेच संपतो, अशीच माझी समजूत होती. होळीच्या त्या संध्याकाळी कॅसेटच्या खिडकीतून पाहिले, तर फीत पूर्ण मागे गुंडाळलेली नव्हती. डावीकडे थोडी आणि उजवीकडे बरीच अशी ती मध्येच थांबलेली होती. खिडकीतून फितीच्या कडांवर पांढरी बुरशीही दिसत होती.

त्यानंतरचे दिवस मी कॅसेटसाठी धावपळ केली. खानदेशात एप्रिल लागला की पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णता फितीला वाईट, म्हणून बाराही कॅसेटी सुती पिशव्यांत उभ्या ठेवून, खिडकीपासून दूर, रेल्वेने नाशिकला आणल्या. पहिल्या दुकानात माझ्याकडून चूक झाली. बुरशी असलेली फीत स्वच्छ न करता यंत्रात घालू नये, हे मला माहीत नव्हते आणि त्या दुकानदाराने तसे सांगितलेही नाही. त्याने नमुना म्हणून दादाच्या मुंजीची कॅसेट सरळ यंत्रात घातली. फीत अडकली, चुरगळली आणि सुमारे चार मिनिटांचे चित्रण कायमचे गेले. यंत्राच्या डोक्यावर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बुरशी बसली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला तीच लागते, हे नंतर कळले. मी उरलेल्या अकरा कॅसेटी उचलून परत आणल्या आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढचे दोन आठवडे मी फोन करत होते. नवीन व्हीसीआर २०१६ नंतर जगात कुठेच बनत नाहीत. जपानमधील शेवटच्या कंपनीने त्या वर्षी जुलैत उत्पादन थांबवले. त्यामुळे ज्यांच्याकडे जुने यंत्र चालू अवस्थेत आहे आणि ते दुरुस्त ठेवण्याची हौस आहे, असाच माणूस शोधावा लागतो. मला असे एक गृहस्थ लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या एका जुन्या छायाचित्रकाराकडून समजले. त्यांना मी तीन प्रश्न विचारले आणि तुम्हीही ते विचारावेत : बुरशी कशी काढता, यंत्राचे डोके प्रत्येक कॅसेटनंतर पुसता का, आणि मूळ कॅसेट परत देता का. त्यांनी तिन्हींची उत्तरे न अडखळता दिली. स्वच्छतेचे सहाशे आणि रूपांतराचे साडेचारशे, असे एका कॅसेटचे एक हजार पन्नास रुपये ठरले. सगळ्या अकरांचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून आम्ही चार निवडल्या.

रूपांतर घाईने होत नाही. कॅसेट जितक्या वेळेची, तितकाच वेळ ती चालवावी लागते. त्याआधी फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून तिचा ताण सारखा करून घेतात. हे कळल्यावर मी त्यांना विनंती केली की गुंडाळण्याआधी ती आत्ता कुठे थांबली आहे, याची नोंद करून ठेवा. त्यांनी कारण विचारले नाही. बुरशी पुसून झाल्यावर त्या जागेपासून सुरुवातीपर्यंत फीत मागे नेताना यंत्राच्या काउंटरवर जो आकडा आला, तो त्यांनी कागदावर लिहिला : दोन तास तीन मिनिटे.

२२ एप्रिलला त्यांनी मला बोलावून पडद्यावर काही दाखवले. पहिल्या दोन तासांचे चित्र मऊ पडले होते, कडा पुसट, मधून मधून पांढरे ठिपके. दोन तास तीन मिनिटांच्या आसपास चित्र आडव्या रेघांनी फाटत होते आणि आवाज दबत होता. एकाच जागी फीत अनेकदा थांबवली की तिथे ती यंत्राच्या चकतीभोवती पुन्हा पुन्हा गुंडाळली आणि सोडली जाते, सुरकुतते ती तिथेच, असे त्यांनी समजावले. त्या फाटलेल्या पट्ट्याच्या पुढे शेवटची सुमारे वीस मिनिटे मात्र स्वच्छ होती. ते म्हणाले, ‘हा भाग रेकॉर्ड झाल्यावर कोणी पाहिलेलाच नाही.’ मी त्यांच्या दुकानात खुर्चीवर बसून होते. आईने इतक्या वर्षांत ती जागा एकदाही ओलांडली नव्हती. माझे लग्न झाल्यावर, नाना गेल्यावर, यंत्र बंद पडेपर्यंत ती एकटीही तो चित्रपट लावत असणार आणि तिथेच थांबत असणार.

मी दोन फायली करून घेतल्या. एक मोठी, तासाला सुमारे तेरा जीबी जागा घेणारी, जपून ठेवण्यासाठी आणि एक लहान, पाहण्यासाठी. दोन्ही दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्या, एक माझ्याकडे, एक सुरतेला. दादाचे म्हणणे होते की सुरुवातीची गेलेली मिनिटे दुसरीकडून मिळवून जोडून टाकू. मला ते पटले नाही. नानांनी वीज येताच जिथून सुरुवात केली, तिथूनच आमची प्रत सुरू होते आणि ती तशीच राहावी. फाईल आम्ही कुठे टाकलेली नाही. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, पण त्यातील गाणी आणि संगीत यांचे हक्क त्या त्या रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात, म्हणून घरच्यांनी पाहण्यापुरतीच ती ठेवली आहे.

इकडे खरेदीखताची तारीख मागे सरकत होती. १३ मे रोजी आमच्याकडे लोकसभेचे मतदान होते आणि त्याआधीचे बरेच दिवस कर्मचारी निवडणुकीच्या कामावर होते. निवडणुकीच्या तोंडावर असे काम काढणाऱ्यांनी पंधरा दिवस जास्तीचे धरावेत. आम्हाला १७ मे मिळाली. मधे १० मेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आई गेल्यानंतरची ही पहिलीच आखाजी, तिच्या नावाची घागर भरायची होती आणि माहेरी आखाजीला येण्याचे माझे ते शेवटचे वर्ष होते. घरात दोन गाद्या, एक माठ आणि चार भांडी एवढेच उरले होते. मावशी पारोळ्याहून आली, तिने शेजारच्या चुलीवर त्याच खापरावर पुरणाचे मांडे केले, आमरस झाला, घागर पुजली. ऊन उतरल्यावर, धाब्याखालच्या गारव्यात, मी लॅपटॉप उलट्या ठेवलेल्या पाटावर मांडला.

आम्ही तिघे भिंतीला टेकून बसलो. मावशीला गाणी अजून पाठ होती. दोन तास तीन मिनिटांना चित्र फाटू लागले, तेव्हा दादाचा हात नकळत पुढे गेला आणि थांबला. रेघा गेल्या, चित्र उजळले. आईचा मृत्यू होतो तेव्हा श्याम दूर असतो, हे पुस्तक वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तरी मी ते त्या पडद्यावर पहिल्यांदा पाहत होते. मावशीने डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, ‘तुनी माय बी अशीच उशिरा पोचनी व्हती.’ मग तिने सांगितले. १९५७ साली आई तेरा वर्षांची होती, अमळनेरला नातेवाइकांकडे राहून शिकत होती. आजी आजारी असल्याचा निरोप आला, पण परीक्षा होती म्हणून तिला तो दोन दिवसांनी सांगितला गेला. ती गावात पोहोचली तेव्हा सारे आटोपले होते. आईने हे आम्हाला कधीच सांगितले नव्हते. दादाने विचारले, ‘मग तिने ही कॅसेट ठेवली कशाला?’ मावशी म्हणाली की तंबूत सिनेमा पाहिला, तेव्हा आजीही सोबत होती.

१७ मेला दुपारी पावणेचारला सह्या आणि अंगठे झाले. वीज आणि पाण्याची जोडणी नव्या मालकांच्या नावे करून देण्याचे अर्ज त्याच दिवशी भरले. गॅसचे पुस्तक आणि रेग्युलेटर दोन्ही जपून ठेवले असल्यामुळे अनामत रक्कम आठवडाभरात खात्यात आली. किल्ल्या मी शेजारच्या काकूंच्या हातात दिल्या.

मूळ कॅसेट जूनच्या पहिल्या आठवड्यात नाशिकला परत मिळाली. फीत मध्येच थांबलेली ठेवू नये, एका टोकाला पूर्ण गुंडाळून उभी ठेवावी, असे त्या गृहस्थांनी बजावले आणि सुरुवातीला आणून देऊ का, असे विचारले. मी त्यांना ती शेवटपर्यंत चालवून, मग मागे गुंडाळून द्यायला सांगितली. त्याला वीस मिनिटे लागली. तोपर्यंत मी बाहेर बाकावर बसून राहिले.